सतरा कॅसेटींसाठी स्थळ पाहिजे

शब्बीरभाईंना हाक मारून बघा. ते ओ देणार नाहीत. ऐकू येत नाही म्हणावं तर आमच्या चौसाळ्यात त्यांच्याइतका तिखट कान दुसऱ्या कुणाचा नाही. फाटका स्पीकर नुसती टिचकी मारून कुठं फाटलाय ते सांगतात. पण हाक मारली की हा माणूस हातातला पेचकस तसाच धरून, मान खाली घालून बसून राहतो. तुम्ही दुसऱ्या हाकेसाठी तोंड उघडलंत की मग सावकाश म्हणतो, "बोला."

"भाई, पहिल्या हाकेला काय होतं हो तुम्हाला?" असं मी एकदा चिडून विचारलं.

"पयला ठोका सोडायचा असतो, नंदूशेठ," ते म्हणाले. "सबर करा. जगात सगळी गडबड पयल्या ठोक्याला होती."

हे पथ्य त्यांनी जन्मभर पाळलंय. फोन आला तर कानाला लावून गप्प बसतात. समोरचा हॅलो हॅलो करून थकतो आणि ठेवून देतो. बीडला जायचं असलं तर पहिली एसटी सोडतात. आणि कहर म्हणजे स्वतःच्या निकाहात काझीसाहेबांनी "कबूल है?" विचारलं, तर नवरदेव गप्प. मांडवाचा श्वास अडकला. नवरीचे मामू तालमीतले, ते बाह्या सरसावून उठले. काझींनी दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा कुठं ह्यांनी शांतपणे "कबूल है" म्हटलं. त्याला पस्तीस वर्षं झाली, पण रुखसानाभाभींनी अजून माफी दिलेली नाही. सालनात मीठ जास्त पडलंय असं भाई म्हणाले, की भाभी म्हणतात, "मिठाचं राहू द्या. त्या दिशी पयल्यांदा गप कावून बसलते ते आधी सांगा."

ह्या सगळ्याचं मूळ आहे रेगे. हे नाव ऐकल्यावर मला आधी वाटलं, कुणी कोकणातले रेगे मास्तर असतील आणि त्यांनी भाईंना लहानपणी बिघडवलं असेल. तसं नाही. रेगे हा गाण्याचा प्रकार आहे. समुद्रापलीकडं एक बेट आहे, साधारण आपल्या बीड जिल्ह्याएवढं. तिथं तो जन्मला. भाईंचं म्हणणं, तिथंही ऊस आहे आणि तिथंही तोडणाऱ्याचे हाल आहेत.

"जिल्ह्याएवढं बेट, नंदूशेठ," ते बोट वर करून सांगतात. "कोयता हातात घेणाऱ्यांचं. आन तिथल्या गड्यांनी गाणी लिहून दुनिया डोलवली. आपल्या जिल्ह्यानं काय केलं?"

"आपण पुढारी पुरवले," मी म्हणतो.

ह्यावर ते नेहमीप्रमाणे एक ठोका सोडतात आणि मग मान हलवतात.

ह्या गाण्याची खोड अशी, की आपण जिथं टाळी देतो तिथं ते लोक गप्प बसतात, आणि आपण जिथं गप्प तिथं त्यांची गिटार 'चक्' करून बोलते. खालून खर्जाचा आवाज चालतो, पोटात कळेल असा. भाईंचं काम स्पीकर दुरुस्तीचं. ट्रॅक्टरवरचे, मंदिरातले, मशिदीतले, लग्नातल्या डीजेचे, सगळे स्पीकर त्यांच्याकडं येतात. दुरुस्त झालेला प्रत्येक डबा ते रेगे लावूनच तपासतात. "ह्या खर्जाला टिकला तर कयामतीपर्यंत टिकंल," म्हणतात, आणि डब्यावर तळवा ठेवून डोळे मिटतात.

आता माझी बाजू ऐका. मी जातीचा कासार, धंदा बांगड्यांचा. काचेच्या बांगड्या. आणि माझ्या दुकानात आणि भाईंच्या दुकानात भिंत म्हणाल तर एक पत्रा. कुणाच्या नशिबी शेजार कसा यावा ह्याला काही मर्यादा असते. भाईंनी खर्ज सोडला की माझ्या फळीवरच्या चारशे डझन बांगड्या किणकिणायला लागतात. पहिल्या वर्षी मी भांडलो. दुसऱ्या वर्षी फळीखाली स्पंज घातला. तिसऱ्या वर्षी भाई स्वतः माझ्या दुकानात आले, बराच वेळ कान देऊन उभे राहिले, आणि तोंडभर हसून म्हणाले, "नंदूशेठ, तुमच्या बांगड्या बराबर उलट्या ठोक्यावर वाजतेत. गिटारीच्या जागी. मुबारक हो."

"भाई, ह्या बांगड्या सवाष्णींसाठी हायत," मी म्हणालो, "तुमच्या साथीला न्हाईत."

"एक गाणं बसून ऐका, मग बोला."

"मला नको. मला त्यातलं काही कळत नाही, आणि आवडतही नाही." हे वाक्य मी अकरा वर्षं रोज म्हणत आलो.

भाईंचे तीन उस्ताद आहेत. तिघंही त्याच बेटावरचे, एकत्र सुरुवात केलेले आणि मग वाटा वेगळ्या झालेले. भाई त्यांची नावं घेत नाहीत. उस्तादाचं नाव रस्त्यावर, पान खाल्लेल्या तोंडानं घ्यायचं नसतं. घ्यायची वेळ आलीच तर कानाला हात लावायचा. त्यामुळं ते 'थोरले', 'उंच' आणि 'फकीर' असंच बोलतात, आणि शेजारधर्म म्हणून मीही इथं नावं घेत नाही. थोरल्यांकडं माया आणि लढाई एकाच गाण्यात सुखानं नांदतात. उंच म्हणजे तोंडाळ माणूस. हक्काचं काय ते तोंडावर मागणार. "आपल्याकडं असते तर ग्रामसभा चालू दिली नसती त्यांनी," भाई अभिमानानं सांगतात. फकीर गर्दीला कंटाळून रानात जाऊन राहिलेला. त्याचं गाणं लागलं की भाई पंखासुद्धा बंद करतात.

गाणाऱ्यापेक्षा लिहिणाऱ्याला भाई जास्त मानतात. "गाणारे पैशाला पासरी. लिहिलं कुणी ते सांगा." हा त्यांचा दुसरा मंत्र. हळदीच्या कार्यक्रमात डीजे नाचायचं गाणं लावतो, भाई त्याच्याजवळ जाऊन विचारतात, "लिहिलं कुणी?" तो बिचारा घाबरून आवाज कमी करतो. चौकात वाढदिवसाचा फ्लेक्स लागला, 'गोरगरिबांचा कैवारी' वगैरे, की भाई कार्यकर्त्यांना विचारणार, "छापलं ते दिसतंय. लिहिलं कुणी?" एका सभेत माईकचं काम भाईंकडं होतं. नेत्यांनी तासभर भाषण ठोकलं. टाळ्या पडल्या. खाली उतरताना नेते प्रेमानं म्हणाले, "काय भाई, कसं झालं?" भाईंनी ठोका सोडला आणि म्हणाले, "लई झ्याक झालं साहेब. लिहिलं कुणी?" त्यानंतर सभेची कामं दुसऱ्याकडं जायला लागली.

हे सगळं गमतीचं. पण भाईंना एका गोष्टीची खरी काळजी होती, आणि ती सगळ्या चौसाळ्याला ठाऊक होती. त्यांच्याकडं ह्या गाण्यांच्या सतरा कॅसेटी आहेत. पत्र्याच्या पेटीत, फडक्यात बांधलेल्या. जुम्म्याची नमाज झाली की भाई दोन कॅसेटी काढतात आणि जुन्या लाल टू-इन-वनवर दोन्ही बाजूंनी पूर्ण चालवतात. मधे बटण दाबून पुढं पळवायची नाही. दोन महिन्यांत सतराच्या सतरा फिरून येतात. साठी ओलांडल्यापासून त्यांनी एकच घोशा लावला होता, "मी गेल्यावर ह्या कुणाच्या हवाली करू?"

लोक मुलीसाठी स्थळ बघतात तसं हे कॅसेटींसाठी बघत होते. अटी तीन. गाणं अर्ध्यात सोडून उठायचं नाही. पहिल्या ठोक्यावर पाय आपटायचा नाही. आणि गाणं संपल्यावर स्वतःहून विचारायचं, लिहिलं कुणी. हुंडा नको, मानपान नको, पण ह्या तीन अटींत अख्ख्या तालुक्यातून एकही माणूस बसेना.

घरचं स्थळ पहिलं बाद झालं. जावई कडा गावी असतो, मोबाईलचं दुकान आहे. तो म्हणाला, "मामू, हे सगळं मोबाईलमदी हाय. दोन मिनटांत उतरवून देतो. ती पेटी भंगारात घाला." भाई त्या घरचं पाणीसुद्धा न पिता परत आले. मला हे जरा जास्तच वाटलं. पोरगा वाईट बोलला नव्हता. मीही त्यांना हेच सांगितलं असतं.

मग हरिबुवा. आमच्याकडचे नावाजलेले पखवाजवाले. सप्ताहातला स्पीकर न्यायला आलते. भाईंना वाटलं, तालाचा जाणकार आयता घरी आलाय. स्टूल दिलं, चहा मागवला आणि थोरल्यांचं एक गाणं लावलं. बुवा मांडीवर बोटांनी मात्रा मोजायला लागले. एकदा मोजल्या, दोनदा मोजल्या. मग त्यांचा चेहरा कसनुसा झाला.

"शब्बीर, हेची सम कुठं हाय?"

"हाय की. पर वाजवत न्हाईत."

"समेवर वाजवत न्हाईत?"

"ती जागा रिकामी सोडतेत. ज्यानं त्यानं मनात धरायची."

बुवा उठून उभे राहिले. "चाळीस साल पखवाज कुटतोय," म्हणाले, "आन सारी मेहनत समेवर येण्यासाठी. तुमचे हे लोक तिथं येऊन गप बसतेत? ही शुद्ध लबाडी हाय." चहा अर्धा ठेवून गेले, आणि स्पीकर न्यायला दुसऱ्या माणसाला पाठवलं.

त्यानंतर भाईंनी ट्रॅक्टरवाल्यांवर नजर टाकली. गाळप हंगामात उसाचे ट्रॅक्टर आमच्या रस्त्यानं जातात. मागं दोन ट्रॉल्या, आणि ड्रायव्हरच्या डोक्याशी असे स्पीकर की शेजारच्या शिवारातली कुत्री उठावीत. पांडुरंग नावाचा एक ड्रायव्हर दर पंधरा दिवसाला फाटका स्पीकर घेऊन येई. भाईंनी त्याला गाणी भरून दिली आणि आठ दिवस तीच वाजवायची शपथ घातली. चौथ्या दिवशी पांडुरंग हात जोडत आला.

"चाचा, काढा ते. मुकादम शिव्या घालतोय. खेपा कमी व्हायल्यात."

"स्पीकरचा दोष?"

"स्पीकर ब्येस हाय. पर ते गाणं लागलं की ॲक्सिलेटर दाबूच वाटना. काल लिंबाच्या सावलीत गाडी उभी केली आन आभाळाकडं बघत बसलो. मला असं कधी झालं न्हवतं."

भाईंचे डोळे चमकले. त्यांना वाटलं, सापडला. पण पांडुरंगानं गाणी तिथंच काढून टाकायला लावली. पोटाचा प्रश्न होता, त्याचंही खरंच होतं.

सगळ्यात जवळ पोचली ती एक म्हातारी. भाईंच्या दुकानात थोरल्यांची एक तसबीर होती. लांब जटा, मिटलेले डोळे, वर केलेला चेहरा. ती म्हातारी नातसुनेला चुडा भरायला माझ्याकडं आलती. आपल्या भागात जटा दिसल्या की हात आपोआप जोडले जातात. तिनंही जोडले. "हे कुठलं ठाणं म्हणायचं, बाबा?" तिनं भाईंना विचारलं.

भाई खोटं बोलत नाहीत. ठोका सोडून म्हणाले, "लई लांब हाय, आई. समुद्रापल्याड."

"नवसाला पावतेत का?"

"मन लावून ऐकलं तर पावतेत."

झालं. म्हातारीची म्हैस तीन दिवसांपासून हरवली होती. तिनं तिथल्या तिथं नवस बोलला, आणि म्हैस संध्याकाळी गावठाणात सापडली. दुसऱ्या बाजाराला म्हातारी नारळ, हार आणि चार बायका घेऊन हजर. भाई नमाजी माणूस, कानकोंडे होऊन गेले. मला डोळ्यांनी खुणावू लागले. मी बांगड्या पुसत राहिलो. एवढी मजा मला कितीतरी दिवसांत मिळाली नव्हती, ती मी कशाला सोडू.

शेवटी भाई म्हणाले, "आई, नारळ राहू द्या. त्यापरीस त्यांचं एक गाणं ऐकून जा." पाचही बायका पदर घेऊन खाली बसल्या. गाणं सुरू झालं. कुणी हललं नाही, कुणी बोललं नाही, कुणी पाय आपटला नाही. म्हातारी तर डोळे मिटून डोलत होती, आणि खरं सांगतो, बरोबर जागेवर डोलत होती. गाणं संपलं. भाई श्वास रोखून वाट बघू लागले. म्हातारीनं डोळे उघडले आणि गालावर हात मारून घेतले. "आरती मोठी हाय बाबांची," म्हणाली.

तसबीर त्या दिवसापासून कपाटात गेली, आणि भाईंनी महिनाभर स्थळांचं नाव काढलं नाही.

गेल्या हिवाळ्यात एके दुपारी भाई स्टुलावरून खाली सरकले. छातीत कळ. गाडी करून त्यांना अंबाजोगाईला नेलं. तिथं दोन आठवडे ठेवलं. सोबत मी गेलतो, पण दाखल करून दुसऱ्या दिवशी परत आलो. दुकान बंद ठेवून चालत नाही.

आता शेजारचं दुकान बंद. बांगड्या गप्प. अकरा वर्षांत पहिल्यांदा मला शांतपणे बसायला मिळालं. पहिला दिवस सुखाचा गेला. दुसरा दिवस बरा गेला. तिसऱ्या दिवशी मी विनाकारण गिऱ्हाइकावर खेकसलो. चौथ्या दिवशी एका पोरीच्या हातात बांगडी चढवत होतो तर तिची आई म्हणाली, "कासारमामा, काय गुणगुणताय? भजन हाय का?"

मी थांबलो. मी फकीराचं गाणं म्हणत होतो. शब्द येत नव्हते, कळतही नव्हते, पण चाल पहिल्यापासून शेवटपर्यंत. आणि मला लाज वाटली, कारण पुढचं कुठलं लागतं तेही माहीत होतं. "भजनच हाय," मी म्हणालो आणि पटापट बांगड्या चढवल्या.

भाई परत आले तेव्हा निम्मे झालेले. दुकानात बसायला परवानगी नव्हती, तरी तिसऱ्या दिवशी भाभींचा डोळा चुकवून आले. मला बोलावणं आलं. ऊन दारातून आत आलेलं. भाईंनी पत्र्याची पेटी पुढ्यात ठेवलेली.

"नंदूशेठ, स्थळ काही मिळालं न्हाई. डाक्टर म्हणतेत जपा. आता ही पेटी मी जावयाला देतो. त्याला काय करायचं ते करू द्या."

इतके दिवस मी ज्याला हसत होतो ते असं संपायला लागलं, तेव्हा मला हसू येईना. तरी माझा स्वभाव मला माहीत आहे. मी सरळ बोलेन तर शपथ.

"जावयाला कशाला?" मी वैतागून म्हणालो. "तो भंगारात घालील. इथं माझ्या फळीवर जागा हाय."

भाईंनी मान वर केली. "तुमाला आवडत न्हाई ना?"

"आवडत नाहीच. पण पाठ झालंय. त्याला मी काय करू?"

भाईंनी पेटी उघडली, एक कॅसेट लाल यंत्रात घातली आणि बटण दाबलं. दोन ठोके वाजवून बंद केलं.

"लिहिलं कुणी?"

"थोरल्यांनी."

दुसरी कॅसेट. "हे?"

"उंच. शिव्या घातल्यासारखं म्हणतात त्यावरून कळतं."

माझी परीक्षा चालू होती. साठीचा परीक्षक, पंचावन्नचा विद्यार्थी, आणि दारात चप्पल काढून उभ्या राहिलेल्या रुखसानाभाभी. त्या ओरडायला आल्या होत्या, पण तोंडाला पदर लावून ऐकत राहिल्या. सतरापैकी मी पंधरा बरोबर सांगितली. दोनदा फकीराचं थोरल्यांच्या नावावर घातलं. भाई त्यावर रागावले, आणि रागावल्यामुळं त्यांच्या चेहऱ्यावर जरा रंग आला.

मग पेटी माझ्याकडं सरकवून ते म्हणाले, "एक सांगायचं राहिलं. ह्या माझ्या न्हाईत."

"मग कुणाच्या?"

"गिऱ्हाईकाच्या."

त्यांनी लाल यंत्र उलटं केलं. तळाला दोऱ्यानं बांधलेली दुरुस्तीची चिठ्ठी होती, पिवळी पडलेली. वर लिहिलेलं: जोसेफ. खाली: कॅसेट अडकते, आवाज फाटतो.

भाई तरुणपणी औरंगाबादेत एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात शिकत होते. जोसेफ आफ्रिकेतून शिकायला आलेला. कॉलेज सुटलं की दुकानात येऊन बसायचा. "गल्लीतली पोरं त्याच्या मागं ओरडत यायची," भाई म्हणाले. "केसाला हात लावायची. त्यो काही बोलायचा न्हाई. आत आला की हे लावायचा. मग त्याच्या तोंडावर हसू यायचं. मोडक्या हिंदीत मला मतलब सांगायचा. हे कुणी लिहिलं, ते कुणी लिहिलं. मी कुणाचाच दोस्त न्हवतो त्या शहरात. त्यो पण कुणाचा न्हवता." एक दिवस घरून तार आली, आई आजारी. जोसेफनं अडकलेलं यंत्र आणि कॅसेटींची पिशवी भाईंच्या हातात दिली. दुरुस्त करून ठेव म्हणाला, महिन्यात येतो.

"आला न्हाई. मला काम शिकवणाऱ्या उस्तादानं दुकान बंद केलं तवा बेवारस माल सगळ्यांत वाटला. मी म्हणलं, मला एवढंच द्या. दुरुस्त तर मी त्याच आठवड्यात केलतं."

मला आत्ता कळलं. "म्हणून दर जुम्म्याला चालवता?"

"टेप बसून राहिली की चिकटती, नंदूशेठ. उद्या त्यो आला, मी मशीन पुढ्यात ठेवलं, आन वाजलंच न्हाई तर? काय तोंड दाखवू?"

"भाई, चाळीस वर्षं झाली," मी हळू म्हणालो.

"झाली. आला न्हाई म्हणून त्याची वस्तू आपली होती व्हय?"

भाईंनी यंत्र पुन्हा सुलटं करून ठेवलं. मग म्हणाले, "आवडतं मला, लई आवडतं. पर हे दोघांनी बसून ऐकायचं हाय. मी इतकी वर्सं एकट्यानं ऐकलं." भाभी तिथंच उंबऱ्यावर टेकल्या. मी माझ्या दुकानातून स्टूल आणलं, दुकान उघडं टाकलं, आणि त्या दुपारी आम्ही तिघांनी एक बाजू पूर्ण ऐकली.

नंतर कळलं, भाई वर्षातून एकदा संभाजीनगरला पार्ट आणायला म्हणून जात, ते त्या जुन्या कोपऱ्यावर जाऊन येत. रेडिओच्या दुकानाच्या जागी आता चष्म्यांचं दुकान आहे, पण समोरची पानटपरी तीच आहे. तिथं आपला पत्ता देऊन येत. यंदा डॉक्टरांनी एसटीचा प्रवास बंद केलाय. मी तिकडं निघणार त्याच्या आदल्या दिवशी भाई दोनदा माझ्या दुकानात डोकावून गेले.

परवा मी बांगड्यांचा माल आणायला संभाजीनगरला गेलो आणि कोपरा शोधून काढला. पानवाला म्हातारा आहे, भाईंना ओळखतो. म्हणाला, कुणी आलं नाही, यंदाही नाही. टपरीच्या आतल्या फळीवर भाईंचा पत्ता आणि नंबर खडूनं लिहिलेला होता. मी खडू मागून घेतला आणि त्याखाली माझं नाव आणि फोन नंबर लिहिला. सांगितलं, जोसेफ आले आणि भाईंचा फोन उचलला गेला नाही तर ह्या नंबरवर लावायला सांगा, सामान चालू स्थितीत आहे.

पानवाल्यानं पान बांधता बांधता विचारलं, "आप उनके कौन?"

"मी त्यांच्याबरोबर ऐकतो," मी म्हणालो.